सोबतांक चौऱ्याऐंशी

"अंगावर धातूचं काही?" फरजानाने तिसऱ्यांदा विचारलं आणि सुकन्याने तिसऱ्यांदा मान हलवून नाही म्हटलं. मंगळसूत्र पर्समध्ये गेलं होतं, केसातल्या पिना निघाल्या होत्या. जोडवी मात्र हट्टाला पेटली. साबण लावून ओढली तेव्हा बोटांवर सतरा वर्षांचे पांढरे वळ उघडे पडले. आता काढण्यासारखं अंगावर काही उरलं नव्हतं. तरीही काहीतरी राहिलंय, त्यासाठी उठून बाहेर जायला हवं, असं तिला दर मिनिटाला वाटत होतं.

"मॅडम, पाय."

"काय झालं पायाला?"

"मघापासून शिलाई मशीन चालवताय." फरजाना बागवान हसली. मिरजेतल्या या हॉस्पिटलात ती अकरा वर्षं एमआरआय विभागात तंत्रज्ञ होती आणि तिचा एक नेम होता. पेशंटला 'घाबरू नका' असं ती कधी म्हणायची नाही. "चालवा, चालवा. आत गेल्यावर चालवायला मिळणार नाही, आताच दोन झबली शिवून घ्या."

सुकन्याने गुडघ्यावर तळहात दाबून धरला. पाय थांबला, मग दुसरा सुरू झाला.

ही तिची तिसरी खेप. पहिल्या वेळी ती सातव्या मिनिटाला बाहेर आली होती, दुसऱ्या वेळी चौथ्या. मार्चमध्ये ग्रंथालयाच्या काउंटरवर बसलेली असताना तिला जळक्या रबराचा वास आला. समोरच्या वाचकाने विचारलं, नवी चरित्रं कुठं आहेत? तिला कपाट दिसत होतं, त्यातला कप्पा दिसत होता, पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या. फक्त 'कपाट' हा शब्द जागेवर नव्हता. दोन मिनिटांनी तो परत आला. त्यानंतर तसं आणखी तीनदा झालं. डॉक्टर इनामदारांनी कागदावर डोक्याचं चित्र काढून डाव्या बाजूला पेन टेकवलं. घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी होतं, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. काढता येईल; पण तिचे शब्द नेमके कुठं राहतात ते आधी कळायला हवं. त्यासाठी पस्तीस मिनिटं मशीनमध्ये जागं राहून, समोर येणाऱ्या चित्रांची नावं घ्यायची.

"भूल देऊन नाही का चालणार?" तिने विचारलं होतं.

"झोपलेल्या माणसाचे शब्दही झोपतात, सुकन्याताई." इनामदारांनी पेनाचं टोपण लावलं. "बुधवारी पुण्याहून सर्जन येतायत. नकाशा हातात नसेल तर ते हात लावणार नाहीत. मग पुढची तारीख चार महिन्यांनी. तो दाणा तोवर थांबेल की नाही, हे मी सांगू शकत नाही."

लोक त्याला 'सोबत-मशीन' म्हणत. मशीन तेच होतं, जुना चुंबकाचा बोगदा. नवी होती ती सोबत. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. बंद जागेत तो एकदा वाजू लागला की कुणाचं ऐकत नाही. संगीत लावा, समजूत घाला, छतावर आभाळ रंगवा, तो वाजतच राहतो. सहा वर्षांपूर्वी काही संशोधकांना आढळलं, की एका गोष्टीला मात्र तो बधतो : ओळखीच्या माणसाचा श्वास कातडीला लागला की. छातीवर झोपवलेलं मूल ज्याने निवतं, तेच. मात्र तो श्वास जिवंत हवा. ध्वनिमुद्रणासारखा साठवून ठेवलेला श्वास अर्ध्या मिनिटात उघडा पडायचा, कारण खऱ्या माणसाचा श्वास समोरच्याला उत्तर देतो. तुम्ही अडखळलात की तो किंचित थबकतो, तुम्ही निवलात की तोही लांबतो. या देवाणघेवाणीवरून मेंदू ओळखतो, की कुणीतरी आहे.

म्हणून मग रबरी पट्टा आला, हवेवर चालणारा, धातूचा कणही नसलेला. एक पेशंटच्या मनगटावर, दुसरा पलीकडच्या खोलीत बसलेल्या सोबत्याच्या. सोबत्याने श्वास घेतला की पेशंटचा पट्टा फुगायचा, सोडला की सैल व्हायचा. आणि पेशंटचा श्वास तसाच उलट्या वाटेने सोबत्याकडे जायचा. या उलट्या वाटेकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. लोकांचं सगळं लक्ष खिळलं ते आकड्यावर.

कोणाची सोबत किती लागू पडते, हे आधी दहा मिनिटांच्या चाचणीत ठरे. त्याचा आकडा म्हणजे सोबतांक. साठच्या खाली असेल तर उपयोग नाही. तो आकडा सांगत होता एवढंच, की तुमच्या भीतीसमोर या माणसाचा श्वास किती स्थिर राहतो. फार जीव असलेल्या माणसांचा बहुधा राहायचा नाही. पण हे ऐकतो कोण? वर्षभरात लग्नाच्या स्थळांमध्ये सोबतांक लिहून येऊ लागले. सासवांनी सुनांचे आकडे शेजारणींना सांगितले. जयसिंगपुरातल्या एका जोडप्याने म्हणे एकतीस आकडा आला म्हणून वकील गाठला. सुकन्याच्या नवऱ्याला, विद्याधरला, शेहेचाळीस मिळाले तेव्हा तो म्हणाला, "पस्तीसला पास ना? मग झालं तर." आणि घरी येऊन दोन दिवस गप्प राहिला. आईला एकोणतीस मिळाले. पगारी सोबतिणीचे अठ्ठावन्न होते; ती चांगली होती, पण परकी होती. दोन गुण कमी असूनही सुकन्या हट्टाने तिच्या भरवशावर आत गेली आणि चौथ्या मिनिटाला बाहेर आली.

दादाला विचारायचं तिने टाळलं होतं. शेवटी आईनेच त्याला फोन केला.

सुकन्या ज्या कारणाने टाळत होती, ते तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

आप्पा वीज मंडळात लाइनमन होते. तीस वर्षं खांबांवर गेली, उंचीचं त्यांना कधी काही वाटलं नाही. त्यांना भीती वाटायची ती बंद दाराची. आंघोळीला जाताना ते कडी लावायचे नाहीत, दाराला आतून पाण्याची बादली टेकवून ठेवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना चक्कर येऊ लागली, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागलं आणि सांगलीतल्या एका हॉस्पिटलाने एमआरआय सांगितला. सोबतीला कोण, याचा घरात प्रश्नच नव्हता. "थोरला मुलगा असताना दुसरं कोण बसणार?" काका म्हणाले. निवृत्तीच्या समारंभात आप्पांशेजारची खुर्ची दादाची होती. मोतीबिंदूच्या कागदावर सही दादाची होती. सुकन्याने आप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं, डोळ्यांत थेंब घातले होते, त्यांची पेन्शनची पत्रं लिहिली होती. खुर्ची मात्र कधी मिळाली नव्हती.

"चाचणी सगळ्यांची होऊ दे ना," ती म्हणाली. "आकडा काय तो ठरवेल."

दादाला एकाहत्तर मिळाले. तिची पाळी यायच्या तासभर आधी तिने आईच्या डब्यातली हात थरथरण्यावरची गोळी पाण्याबरोबर घेतली. ती गोळी भीती घालवत नाही; भीतीने काळीज धडधडतं, ती धडधड तेवढी घालवते, म्हणजे श्वासही सपाट राहतो. सुकन्याला चौऱ्याऐंशी मिळाले. तंत्रज्ञाने खुर्चीतून उठून हात मिळवला.

तिने आकड्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. काकांनीसुद्धा हात जोडलेलं चित्र पाठवलं. चार दिवस कौतुक इतकं झालं, की तो आकडा तिला स्वतःचाच वाटू लागला. मशीनच्या दिवशी सकाळी तिने गोळी घेतली नाही. विसरली नव्हती; घेतली नाही.

नवव्या मिनिटाला आप्पांनी हातातला फुगा दाबला. मशीन थांबवायचा तो फुगा. बाहेर काढल्यावर ते घामाने भिजले होते. घरी आल्यावर सगळ्यांना म्हणाले, "पोरगी छान बसली होती. माझंच काळीज चिमणीचं." पुन्हा कुठल्याच मशीनकडे ते फिरकले नाहीत. चार महिन्यांनी, डाळ निवडत बसले असताना, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. तपासणीत दिसलं असतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. 'कदाचित' म्हणाले. सुकन्या त्या 'कदाचित'मध्ये तीन वर्षं राहत होती.

"आत चालतंय का हे?"

भरतेशदादा दारात उभा होता, हातात भडंगाचा पुडा घेऊन. रत्नागिरी गाडीचा ड्रायव्हर, रजा टाकून आलेला, पण बूट ड्यूटीचेच.

"मशीनमध्ये नाही चालत, बाहेर मला चालतं," फरजाना म्हणाली आणि पुडा काढून घेतला. "बसा. शर्टाची बाही वर करा."

चाचणी झाली. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर उमटले. फरजानाने भुवया उंचावल्या. "सत्तरच्या वर गेलं की आम्ही चहा सांगून ठेवतो. निवांत होतंय काम." आता दहा मिनिटं जुळणी करायची होती, दोघांनी पट्टे बांधून समोरासमोर नुसतं बसायचं. ती मशीन तयार करायला पलीकडे गेली.

पट्टा फुगला, सैल झाला. फुगला, सैल झाला. लांब, सपाट, घाई नसलेला श्वास. सुकन्याचा पाय पहिल्यांदाच थांबला.

"पन्नास माणसं माझ्या मागं घोरत असतात," दादा म्हणाला. "आंबा घाटात. माझा श्वास वाकडातिकडा झाला तर त्यांचं काय व्हायचं? सवयीचा भाग आहे सगळा."

"हं."

"पण तुझ्या चौऱ्याऐंशीला तोड नाही बघ. मी अजून डेपोत सांगतो. म्हटलं, सोबत केली ती आमच्या बहिणीनं. पुढं आप्पांचं नशीब."

पट्टा फुगला, सैल झाला. गप्प राहणं सोपं होतं. आठ मिनिटं राहिली होती, मग पस्तीस, मग बुधवार. तिने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, दादाच्या बुटांकडे पाहिलं. मनगटावर येणारा श्वास ज्या बहिणीसाठी होता ती बहीण या खुर्चीत नव्हतीच. पाय पुन्हा सुरू झाला.

"दादा, ते चौऱ्याऐंशी माझे नव्हते."

"म्हणजे?"

"आईची गोळी घेतली होती मी. थरथरीची. चाचणीच्या आधी."

पट्टा फुगला आणि तसाच राहिला. दादाचा चेहरा अजून बदलला नव्हता; तो अर्धवट हसूच धरून होता. पण मनगटाला कळलं होतं. एक, दोन, तीन, चार. मग पट्टा एकदम रिकामा झाला.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी नाही घेतली."

"का?"

"मला वाटलं, लागणार नाही."

दादाने पट्टा सोडला. बाही खाली केली, बटण लावलं, खुर्ची नीट मागे सारली आणि बाहेर गेला. सुकन्याच्या मनगटावर नुसतं रबर उरलं.

फरजाना धावत आली. "आकडा एकदम कुठल्या कुठं गेला! आणि हे कुठं गेले?"

"किती वेळ आहे तुमच्याकडे?"

"पुढचा पेशंट साडेअकराला. वीस मिनिटं मी कशीबशी ओढून धरते. त्यापुढं नाही हां, मॅडम."

ती हॉस्पिटलच्या गाऊनवर, अनवाणी, उतारावरून खाली आली. रखवालदार काहीतरी म्हणाला. दादा पार्किंगच्या पत्र्याखाली मोटरसायकलजवळ उभा होता. किल्ली लावली होती, पण गाडी सुरू केली नव्हती.

"असल्या कपड्यात बाहेर आलीस. जा आत."

"तू बोल काहीतरी."

"काय बोलू? एकाहत्तर होते माझे. खरे."

"हो."

"झालं असतं."

ओठांवर आलेला 'कदाचित' तिने गिळला. "झालं असतं," ती म्हणाली.

त्याने किल्ली काढली, परत लावली. "तुझा आकडा आला तेव्हा मला काय वाटलं, माहितंय तुला? सुटलो. सोबतीला बसायच्या विचारानं आधीचे चार दिवस घास उतरत नव्हता मला. तू पुढं आलीस आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, बला टळली. आणि आप्पा गेल्यावर, सुके, तीन वर्षं ते मला खातंय. थोरला असून मागं सरलो. तुझ्यासमोर धड बसता येईना मला. वाटायचं, हिला कळेल."

"मला वाटायचं तुला कळलंय. म्हणून येत नाहीस."

"काय कळायचंय मला? मी बस चालवतो, मनं वाचत नाही." त्याचा आवाज चढला. स्कूटर काढणारी एक बाई थांबून बघू लागली. "खोटं करायचंच होतं तर त्या दिवशी तरी करायचंस! गोळी घ्यायचीस! खोटंसुद्धा अर्धंच केलंस!"

तिचे तळपाय सिमेंटवर भाजत होते. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत राहिली.

"आणि आजच का?" दादाने विचारलं. "मशीनमध्ये जायच्या तोंडावर? बुधवार होऊ द्यायचा. डोकं बरं झाल्यावर सांगायचं."

"डोकं उघडल्यावर शब्द राहतील की नाही, काय माहीत."

दादाने किल्ली काढून मुठीत धरली. मग म्हणाला, "चल. पाय भाजतायत तुझे." आणि तिची वाट न बघता पुढे चालू लागला.

फरजानाने पट्टे पुन्हा बांधले. या वेळी फक्त तीन मिनिटांची चाचणी. पडद्यावर सत्तावन्न.

"साठच्या खाली मला नेता येत नाही," ती म्हणाली, पण डोळे पडद्यावरून हलले नाहीत. वरखाली जाणाऱ्या रेषेवर तिने बोट ठेवलं. "पण हे बघा. ही भीतीची रेघ नाही. भीतीची मधेच तुटते, कंगव्याचे दात पडल्यासारखी. ही जड आहे, आखूड आहे, पण सलग आहे. भाऊ, तुम्ही चिडलाय का?"

"चालतं का चिडलेलं?" दादाने विचारलं.

"मला आजवर असं कुणी विचारलं नाही." फरजानाने कागद पुढे केला. "पेशंटने स्वतःच्या जबाबदारीवर सही केली तर नेता येतं. मॅडम, तुमचं तुम्ही ठरवा. ही तिसरी वेळ."

सुकन्याने सही केली. दादा पलीकडच्या खोलीत गेला. जाताना त्याने मागे पाहिलं नाही.

डोक्याभोवती पिंजरा बसला. कानांवर हेडफोन, डोळ्यांपुढे तिरका आरसा, उजव्या हातात फुगा. फळी आत सरकली आणि नाकापासून चार बोटांवर छत आलं. मग आवाज सुरू झाला, कुणीतरी सांगली-मिरज रस्ता डोक्यातच फोडतंय असा.

"कात्री," ती म्हणाली. आरशात चित्र बदललं. "कासव. पायरी. छत्री."

मनगटावर दादाचा श्वास येत होता. त्यात सांत्वन नव्हतं. लाकडं फोडणाऱ्या माणसासारखा तो होता. घाव, थांबा, घाव, थांबा. तिला पहिल्यांदा त्याची धास्ती वाटली. मग लक्षात आलं, हा श्वास तिला झोपवायला आलेला नाही. तो चिडून बसला होता; पण बसला होता.

"नांगर. बाहुली. विळी."

किती मिनिटं झाली? विचारायचं नाही, असं फरजानाने बजावलं होतं. पाठीखाली घाम गोळा होत होता. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. ती खाज गालावर गेली, कपाळावर गेली, पिंजऱ्याच्या आतून सगळीकडे पसरली. "घंटा. दोरी." आरशात गोल, भोकं भोकं असलेली वस्तू आली. पीठ पडतं तिच्यातून. स्वयंपाकघरात खिळ्याला असते. रोज हातात घेते. गोल. भोकं.

शब्द नव्हता.

दाणा आहे हा. की भीती आहे? जळका वास येतोय का? तिने हुंगलं, हवा पुरेना, पुन्हा हुंगलं. छत खाली येत होतं. येत नव्हतं, तिला माहीत होतं येत नाही, तरी येत होतं. अंगठा फुग्यावर टेकला.

आणि तेवढ्यात मनगटावरचे घाव चुकले. पट्टा अर्धाच फुगला, थरथरला, पुन्हा अर्धाच फुगला. कंगव्याचे दात पडत होते. पलीकडच्या खोलीत, मोकळ्या खुर्चीवर, खिडकीशेजारी बसलेला दादा घाबरला होता. त्याला घाबरायला तिथं काहीच नव्हतं. ती भीती तिची होती. ती तिच्या मनगटातून त्याच्याकडे गेली होती.

म्हणजे त्या दिवशी आप्पांच्या मनगटावर मी होते, तिला कळलं.

नवव्या मिनिटाला त्यांच्या हातात काय आलं असेल? पोरीचा तुटका श्वास. बाहेर काय चाललंय ते दिसत नाही, विचारता येत नाही. एवढंच कळतंय की ती घाबरली आहे. तिला तिथून उठवायचा एकच मार्ग त्यांच्या मुठीत होता. त्यांनी तो दाबला. स्वतःसाठी की तिच्यासाठी? हे आता कुणीही सांगू शकणार नव्हतं. कुठलाही आकडा नाही. पण अंगठ्याला ती ओढ आत्ता, या क्षणी, कळत होती : दाब, आणि दादाला सोडव.

तिने अंगठा उचलला.

एक श्वास घेतला, तिच्या नव्हे, त्याच्या मापाचा. त्याला घाटात लागतो तसा लांब. छाती साथ देईना, मधे दोन ठिकाणी अडकला. सोडला. दुसरा घेतला. पलीकडे तो पोचायला किती वेळ लागतो, तिला माहीत नव्हतं. तिसरा. पट्टा थरथरत होता. चौथा. पाचव्याला पट्टा थांबला, जणू कुणी ऐकतंय. मग सावकाश भरत गेला, पूर्ण, आणि सैल झाला.

"मॅडम," कानात फरजाना म्हणाली, "एक चित्र गेलं. गेलं तर गेलं, तेही आम्हाला हवंच असतं. पुढचं."

"किल्ली," सुकन्या म्हणाली. "बैलगाडी. उशी. चूल."

आता दोन्हीकडून कोण कुणाला धरून होतं, ते सांगणं कठीण होतं. आवाज तसाच होता, छत तिथंच होतं, खाज होती. त्या सगळ्यासकट ती नावं घेत राहिली.

फळी बाहेर सरकली तेव्हा तिला दिव्याचा उजेड सोसेना. "झालं?" तिने विचारलं.

"पस्तीस मिनिटं, वीस सेकंद." फरजानाने पिंजरा उचलला. "नकाशा आलाय. इनामदार सरांना पाठवते. दाण्याचं काय ते सर बोलतील, मी चित्रं काढते फक्त. पण चित्रं स्वच्छ आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मधे तुम्ही त्यांना सोबत करत होता. असली रेघ मी पाहिली नव्हती. आकडा कसा लिहू, कळेना."

"मग नका लिहू."

दादा बाहेरच्या बाकावर बसला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. पट्टा अजून दोघांच्याही मनगटावर होता. फरजानाने नळ्या अजून सोडल्या नव्हत्या; त्यांना हवा पुरवणारी लहान पेटी चालूच राहिली होती. सुकन्या शेजारी बसली.

"राग गेलेला नाही माझा," दादा म्हणाला.

"माहीत आहे."

"बापाचा प्रश्न आहे. असा जाणार नाही तो."

"नको जाऊ दे."

त्याने पट्टा सोडून बाकावर ठेवला. तिचं मनगट रिकामं झालं. दादाने भडंगाचा पुडा शोधला. तो फरजानाने निम्मा संपवला होता. मूठभर तोंडात टाकून तो चावत राहिला, समोरच्या भिंतीकडे बघत.

"आईला कोण सांगणार?"

"मी."

"कधी?"

"आज. आत्ता घरी गेल्यावर."

"माझ्यासमोर सांग." त्याने हात झटकले, उठला आणि तिची पर्स उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "आणि हळू आवाजात नको. तिला हल्ली कमी ऐकू येतं. दोनदा सांगावं लागेल."